मागे जाण्याची सोय

४ फेब्रुवारी

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार घालायचा तर उठताना कुणीतरी हात द्यावा लागेल, आणि घरात आत्ता कुणी नाही. तेव्हा बसल्या जागेवरून नमस्कार.

सुखरूप पोचलो. प्रवासात शेजारच्या गृहस्थाने माझ्या खांद्यावर मान टाकून गाढ झोप काढली. शब्दकोशाच्या कचेरीत इतकी वर्षं घालवली, पण एवढा विश्वास माझ्यावर तिथेही कुणी टाकला नाही.

तुम्ही दोघं तपासणीसाठी दवाखान्यात गेला होतात त्या दुपारी मी जो उद्योग केला, त्याचा खुलासा निघायच्या गडबडीत राहिला. तो असा. तुमच्या संगणकाची कार्यप्रणाली (तू तिला ‘सिस्टिम’ म्हणतेस, म्हण) जराजर्जर झाली होती. यंत्र सुरू केलं की एक पिवळी पाटी यायची: ‘ही प्रणाली कालबाह्य आहे.’ ती मिटवली की दुसरी, मग आणखी एक. घशाच्या ऑपरेशनात स्वरयंत्र गेल्यापासून भाऊजींचं सगळं बोलणं त्या यंत्राच्या तोंडून. ते टाईप करणार आणि यंत्र बोलणार. ज्या पोहण्याच्या मास्तरांच्या एका हाकेसरशी तलावाच्या पलीकडच्या काठावरची मुलं पाण्यातल्या पाण्यात ताठ व्हायची, त्यांना स्वतःच्या घरात तोंड उघडण्याआधी प्रत्येक वेळी ‘नको, नंतर’, ‘नको, नंतर’ म्हणत बसावं लागावं? मला बघवेना. मी नवी प्रणाली बसवली.

तिच्यासोबत आवाजही नवा आला. जुना म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे. नवा ऐकलास ना? मखमल! शब्दाच्या शेवटी श्वास सोडतो, प्रश्न विचारताना सूर वर नेतो. आमच्या कचेरीतल्या निम्म्या लोकांना हे जमत नाही.

सगळं बसवून झाल्यावर यंत्राने अदबीने विचारलं, जुनी प्रणाली काही दिवस जपून ठेवू का, मागे जायचं असल्यास? म्हटलं, कशाला अडगळ? काढून टाकली. जागा काय मोकळी झाली म्हणून सांगू!

एकच गोष्ट जरा टोचते आहे. दरवेळी मी पायऱ्या उतरू लागलो की आतून तो डबा खडखडतो, “पंडित, पिशवी राहिली तरी चालेल, अक्कल तेवढी घेऊन जा.” या वेळी भाऊजी काही बोलले नाहीत. नुसती मान डोलावली. ती मी पसंतीच्या खात्यात जमा केली आहे. बरोबर केलं ना?

तुझा,
पंडित


१३ फेब्रुवारी

चि. पंडित,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. तू पोचल्याचं कळलं, बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक. तपासणीत काही वाईट निघालं नाही. कॉम्प्युटर जोरात चालतो, सुरू करताना पूर्वीसारखी कटकट नाही. तू सुट्टीतला वेळ घालवून एवढं केलंस, नाहीतर आमच्याकडे कोण बघतंय.

हे सध्या जरा कमी बोलतात. थंडी आहे, बोटं आखडतात.

सहज विचारते, ते पूर्वी होतं तसं परत करता येतं का? करायचंच आहे असं नाही. सहज.

आणि फोन करू नकोस हं. फोन बैठकीत आहे, आणि यांचा घसा गेला असला तरी कान शाबूत आहेत. लिहून कळव.

तुझी,
अक्का


१९ फेब्रुवारी

ती. अक्का,

तुझ्या पत्रात ‘सहज’ हा शब्द दोनदा आला आहे. लहानपणी तू आईला “सहज विचारते” म्हणालीस की मी लगेच पळून जायचो, कारण त्यानंतर घरात काहीतरी फुटलेलं सापडायचं. तेव्हा काय फुटलं आहे ते सांग.

तोवर माझा अंदाज ऐक. भाऊजी रुसले आहेत. जुन्या जोड्याला पाय सरावलेला असतो, नवा चावतो. चार दिवस चावेल, मग हाच जोडा घालून ते माझ्यावर धावून येतील. यंत्रात आवाजाची गती कमीजास्त करायची सोय आहे. कसं करायचं ते वेगळ्या कागदावर लिहून दिलंय, म्हणजे तुला माझी टीकाटिप्पणी सोसायला नको. पट्टीसुद्धा खाली आणता येते. हवं तर बाईचा आवाजही लावता येतो, पण तो प्रयोग मी तिथे असताना करा. मला भाऊजींचा चेहरा बघायचा आहे.

मागे जाण्याबद्दल म्हणशील तर, अक्का, पुढे गेलेल्याने मागे का यावं? सूचना नाहीत, खोळंबा नाही. आता भाऊजींचं बोलणं आमच्या फोनवर किती स्पष्ट ऐकू येईल. बघ, दर रविवारी त्यांचा फोन यायचा, मला काहीतरी लागट बोलायला. मी परत आल्यापासून तो आलेला नाही. आमच्या घरातली कर्ती म्हणते, “तुम्ही तिथे काहीतरी करून आलात.” मी म्हटलं, हो, केलं, चांगलं केलं. ती म्हणाली, “त्यांना विचारून केलंत का?” मी म्हटलं, आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. त्यावर ती माझा अर्धा चहा उचलून आत घेऊन गेली. तुला तिची रीत ठाऊक आहे.

खरं काय ते लिही.

तुझा,
पंडित


२७ फेब्रुवारी

चि. पंडित,

आशीर्वाद.

खरं लिहायचं तर हे बोलायचे थांबलेत. कमी नाही, थांबलेत. कीबोर्डवर टॉवेल टाकून ठेवलाय. काही हवं असलं तर पाटीवर खडूने लिहितात, ‘चहा’, ‘औषध’, ‘दार’. एवढंच. सबंध दिवसात पाटी एकदाही पुसावी लागत नाही.

तुला पत्र्याच्या डब्यात खडे वाटतात, तसा तो होताच. मीही आधी कानात बोटं घालायचे. पण यांनी त्याला वळण लावलं होतं, पंडित. रोज सकाळी बसायचे. कुठे थांबायचं, किती थांबायचं, कुठलं अक्षर लांबवायचं, सगळं त्याच्याकडून घोटून घेतलं, जशी मुलं घडवली तसं. माझं नाव घेताना तो आधी किंचित थांबायचा आणि मग ओरडायचा. मी ओट्याशी असले तरी त्या थांबण्यावरून कळायचं, आता हाक येणार. मला काही वेगळं वाटायचंच नाही. तेच ओरडतायत असं वाटायचं.

नवा पहिल्यांदा माझ्यासमोर बोलला तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. एकदम कानाशी कुणीतरी परका पुरुष बोलला. असा गोड, गुळगुळीत. अंगावर काटाच आला. काय बोलला तेही कळलं नाही, चहाबिहा मागितला असेल. मी “बंद करा हो ते” म्हणून आत गेले.

मग त्याच आठवड्यात नातीचा फोन. आजोबांशी बोलायचं म्हणून हट्ट धरला तिने. यांनी टाईप केलं. ती तिकडून विचारते, “आजी, हे कोण काका बोलतायत? आजोबांना दे ना.” मी हसण्यावारी नेलं. यांनी मशीन बंद केलं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तेव्हापासून हे असं. पोरीचं ते बोलणं त्यांना फार लागलं.

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या बाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, “मागे जायचं बटण आहे, पण ते दाबलं जात नाही. जुनी सिस्टिम कुणीतरी पुसलेली दिसते.” असं आपोआप होतं का रे? तुझं पहिलं पत्र शोधलं, पण सापडेना. त्यात तू काहीतरी लिहिलं होतंस असं वाटतं.

घर इतकं शांत आहे की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकते.

अक्का


५ मार्च

ती. अक्का,

आपोआप होत नाही. मी पुसली.

पहिल्या पत्रात ते मी फुशारकी मारून लिहिलं आहे. सापडलं तर वाचू नकोस, आणि वाचलंस तर माझ्यासमोर वाचू नकोस. यंत्राने मला स्वच्छ विचारलं होतं. माणसाने विचारलं असतं तर मी वाद घालायला तरी थांबलो असतो. यंत्राला मी क्षणात ‘काढ’ म्हणून मोकळा झालो. कारण? जागा मोकळी व्हावी. कुणाच्या घरातली जागा, ती मोकळी करणारा मी कोण, हे प्रश्न आत्ता सुचतायत.

मी दिवसभर दुसऱ्यांच्या लेखनातल्या चुका काढतो. पानभर मजकुरात एक मात्रा कमी असली तरी माझी झोप उडते. आणि भाऊजींनी रोज सकाळी बसून त्या आवाजात जे थांबे बसवले होते, ते मला दिसले नाहीत, ऐकू आले नाहीत. मला खडखड ऐकू आली. तुमच्याकडे आठवडाभर राहिलो, तरी तुझं नाव घेण्याआधी तो थांबतो हे मला तुझ्या पत्रातून कळावं!

या विषयावर विनोद करून पाहिले. तीन कागद फाडले. जमत नाही.

आता करता येण्यासारखं काय ते सांगतो. तुमचा संगणक आणि आमच्या कचेरीतले संगणक मी एकाच वेळी, एकाच दुकानातून निवडले होते. कचेरीत नवे आले, पण जुने अजून मागच्या खोलीत कपाटावर रचलेले आहेत. काल शिडी लावून चढलो. खोक्यात मूळ प्रणालीच्या तबकड्या (तू ‘सीडी’ म्हणशील) मिळाल्या, आवाजाची तबकडीसुद्धा. साहेबांनी खाली उभं राहून विचारलं, “पंडित, कुठला शब्द शोधताय वर?” मी सांगितलं काय झालं ते. त्यांनी तबकड्या न्यायला परवानगी दिली आणि शिडी धरली.

पार्सल उद्या निघेल. दुकानातल्या बाईंना दे. दोन गोष्टी मात्र आधी समजून घे. एक, जुनी प्रणाली अशी बसवायची तर यंत्र आधी कोरं होणार. नंतरचं त्यात जे काही असेल ते जाईल. हवं ते आधी उतरवून घ्यायला सांग. दुसरी लिहायला हात धजत नाही. आवाज जुना येईल, पण तो दुकानातून आला तेव्हाचा. भाऊजींनी लावलेलं वळण त्यात नसेल. ते मी तुला कुठल्याही कपाटावर चढून आणून देऊ शकत नाही.

भाऊजींना काय सांगू? तूच सांग त्यांना. नाही, नको सांगू. मी लिहीन. धीर आला की लिहीन.

पंडित


१४ मार्च

चि. पंडित,

आशीर्वाद. पार्सल मिळालं. तू इतकं जिवाला लावून घेऊ नकोस, शिडीबिडी चढत जाऊ नकोस या वयात.

पण इथे भलतंच झालं. बाई आल्या, तबकड्या बघून म्हणाल्या, “हे छान झालं, अर्ध्या दिवसाचं काम आहे.” मी त्यांना पाणी दिलं आणि टॉवेल उचलला. तोच हे खुर्चीतून उठले आणि मशीनसमोर आडवे उभे राहिले. हाताचा पंजा असा आडवा धरला. तलावावर कुणी ओल्या काठावरून पळायला लागलं की धरायचे ना, अगदी तसा. बाई बिचाऱ्या घाबरून जागच्या जागी थांबल्या.

मी म्हटलं, “अहो, जुना आवाज परत येतोय. तुम्हाला तोच हवाय ना?” पाटी पुढे केली. घेईनात. मी म्हटलं, “मग नवा हवाय का? हवाय तर बोला ना त्यात. दोन्ही नको म्हणजे काय करायचं मी? भिंतींशी बोलू?” जरा जास्तच बोलले. बाईंसमोर बोलले याचं नंतर फार वाईट वाटलं. बाई म्हणाल्या, “तुमचं ठरलं की मला सांगा, काकू,” आणि गेल्या.

पंडित, मला यातलं काही कळत नाही. जुना आवाज गेला म्हणून हे गप्प झाले असं मी धरून चालले होते. मग परत आणतोय तर अडवतात का? माझंच काही चुकलंय का? इतकी वर्षं या माणसाचं न बोललेलं मला समजतं असा माझा तोरा होता.

तू त्यांना पत्र लिही. तू बायकोचा भाऊ. तुला नाही म्हणताना त्यांना मजा येते.

तुझी,
अक्का


१६ मार्च

ती. भाऊजी,

शि. सा. नमस्कार. हे पत्र फार आधी यायला हवं होतं. आधी मला वाटत होतं मी उपकार केला आहे, आणि उपकारकर्त्याने आधी लिहायचं नसतं. नंतर मला कळलं मी काय केलं आहे, आणि मग लिहवेना.

तुम्हाला न विचारता तुमचा आवाज मी बदलला. शिवाय परतीची वाटही पुसून टाकली. याला माझ्याकडे नेमका शब्द आहे, पण तो वापरला तर तुम्ही म्हणाल पंडित विद्वत्ता दाखवतोय. साध्या भाषेत, चुकलो.

अक्का म्हणते तुम्ही दुकानातल्या बाईंना अडवलंत. तुम्हाला काय हवं आहे? तुम्ही सांगाल ते, तसं, तेवढंच होईल.

आपला,
पंडित


२२ मार्च

चि. पंडित,

पाटीवर एवढं मावणार नाही म्हणून कागद घेतला. लांब लिहायची मला सवय नाही. ‘हात लांब, मान खाली’ एवढ्यावर माझी सगळी नोकरी झाली.

नवा आवाज वाईट नाही. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे तुझा चेहरा जरा सरळ होईल.

जुना ओरडायचा. आवाज कमी केला तरी लांबून ओरडल्यासारखा वाटायचा. त्याला हळू बोलता येत नव्हतं. ऑपरेशननंतर मी तुझ्या बहिणीला हाका मारल्या, चष्मा कुठे ठेवलास म्हणून विचारलं, भाजीत मीठ नाही म्हणून रागावलो. हळू काही म्हटलं नाही. त्या डब्याच्या तोंडून ते ऐकून ती हसली असती, आणि मी पण.

नव्याला हळू बोलता येतं. ती बाजारात गेली होती तेव्हा एकट्याने करून पाहिलं. अगदी कानात सांगितल्यासारखं. मग संध्याकाळी ती शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी टाईप केलं. काय ते लिहीत नाही. नवऱ्याने बायकोला म्हणायची गोष्ट, घसा होता तेव्हा राहून गेलेली. यंत्र चांगलं बोललं. मला जमलं नसतं इतकं चांगलं.

ती ताडकन उठली. हातातला टॉवेल छातीशी धरला. घरात कुणी परका शिरल्यावर बाईमाणूस धरतं तसा. बंद करा म्हणाली आणि आत गेली. काय म्हटलं ते तिने ऐकलंच नाही. टॉवेल दारात पडला होता. तो उचलून कीबोर्डवर टाकला.

नातीच्या फोनचं ती म्हणत असेल. ते खरं नाही. पोरीला आठवड्यात सवय झाली असती.

दुकानातल्या बाईला अडवलं तो वेडेपणा. आता हळू बोलणं कायमचं जाणार एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. पण नवं ठेवून करू काय? मी हळू बोलणार आणि ऐकणारी उठून जाणार. तेव्हा जुनं बसवा. तिला ओळखू येईल त्या आवाजात बोललेलं बरं. वळण पुन्हा लावीन. मला दुसरं काम काय आहे?

यातलं तिला काही सांगू नकोस. ती मनाला लावून घेईल.

तुझी चूक नाही असं लिहिणार होतो. पण आहे. पाण्यात ढकलायच्या आधी मी मुलांना विचारायचो. ती नाही म्हणायची. मग ढकलायचो. पण विचारायचो.

(सही)
मास्तर


२८ मार्च

ती. भाऊजी,

तुमचं पत्र कचेरीच्या पत्त्यावर आलं, आणि तिथेच वाचलं. मग दुपारभर समोरचे खर्डे उलटेसुलटे करत बसलो. एकही चूक सापडली नाही. म्हणजे असणार खूप; मला दिसल्या नाहीत.

अक्काला मी काही सांगणार नाही. कागदावर तसं वचन देतो. खरं तर वचन देताना बरं वाटत नाहीये. तिचं पत्र समोर आहे. त्यात ती विचारते, ‘माझंच काही चुकलंय का?’ आणि मला त्याचं उत्तर ठाऊक आहे, आणि मी तिला कळवणार आहे हवापाण्याबद्दल. तुमचा आवाज काढून घेतला तेव्हा निदान मला काही ठाऊक नव्हतं. आता सगळं ठाऊक असून गप्प बसायचं. माझ्या गुन्ह्याची ही बढती झाली.

तरी एक म्हणतो. हा नुसता सल्ला आहे, नवी प्रणाली नव्हे. नको असेल तर ‘नको, नंतर’ म्हणून मिटवून टाका. तुम्हीच लिहिलं आहे की तिने ते वाक्य ऐकलंच नाही. तुमचं वाक्य तिने परतवलेलं नाही, ते तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. जुनं बसलं की ते बोलणारा कुणी उरणार नाही. यंत्र कोरं करण्याआधी एकदा विचार करा. ती दचकते म्हणून तुम्ही बोलणं सोडलंत, आणि तुम्ही बोलत नाही म्हणून ती फ्रिजच्या आवाजानेही दचकते. मी मध्ये बसून दोन्हीकडची पत्रं वाचतोय, आणि दोघांचाही अपराधी आहे.

तुम्ही ‘बसवा’ असं लिहिलं आहे. तो होकार मी अजून धरत नाही. पुन्हा कळवा. या खेपेस मी थांबतो.

आपला,
पंडित


११ एप्रिल

चि. पंडित,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. कारण बसून लिहिण्याजोगी शांतता घरात नाही. सकाळपासून कॉम्प्युटर एकच वाक्य निरनिराळ्या प्रकारे ओरडतोय, आणि हे कपाळाला आठ्या घालून त्याला दुरुस्त करतायत. “दार लाव, वारा येतोय.” “दार. लाव वारा येतोय.” शेजारीण येऊन विचारून गेली, दार लागत नाही का म्हणून.

तर जुनी सिस्टिम बसली. त्याआधी काय झालं ते सांगते, सगळं नाही.

मागच्या आठवड्यात यांनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. पाटीवर लिहिलं, ‘उठू नकोस.’ कीबोर्डवरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. म्हटलं, हा कशाला? तर खांदे उडवले. मग टाईप करायला बसले. पंडित, त्या माणसाला तलावाच्या सगळ्यात उंच फळीवरून उडी मारताना मी बघितलंय, पण एकेका अक्षरावर असं अडखळताना कधी नाही.

तो परका माणूस बोलायला लागला. मला पुन्हा तसंच झालं, अंगावर काटा आला, उठून जावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू? मी टॉवेलला पीळ घालत बसले. मग लक्षात आलं की तो जे बोलतोय ते त्या परक्या माणसाला माहीत असणं शक्य नाही. ते फक्त यांना आणि मला माहीत. त्यानंतर मी आवाज ऐकायचा सोडून दिला, आणि काय म्हणतायत ते ऐकलं.

आणि मग त्यातूनच कळलं की हेच वाक्य पहिल्याच दिवशी म्हणून झालं होतं. मी चहा समजले. ‘बंद करा’ म्हणाले. आणि त्यावर इतके दिवस तुला पत्रं लिहीत बसले, हे का बोलत नाहीत, का बोलत नाहीत. नातीच्या माथी मारलं, तुझ्या माथी मारलं. तुला माहीत होतं ना रे? तुझं मागचं पत्र मला आलं त्यात सबंध पानभर हवापाणी होतं. तू हवेबद्दल लिहितोस म्हणजे काहीतरी लपवतोस, मलाही तुझं लहानपण आठवतं. रागावले नाही. तू त्यांना शब्द दिला असणार.

नंतर मी म्हटलं, “हा राहू द्या आता. होईल मला सवय.” यांनी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, ‘तुला नाही होणार.’ खरं आहे. नाही झाली असती. मी चांगुलपणाने म्हटलं होतं, आणि ते यांना लगेच दिसलं. हे मला माझं मलाच फार लागलं, पंडित. माणसाने एवढं धाडस केलं, आणि मी त्याच्यासाठी एक आवाज सोसू शकत नाही. रोज सकाळी तोच विचार येतो. मग तिकडून “दार लाव” सुरू होतं.

दुकानातल्या बाई आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, “कोरं करण्याआधी यातलं काही उतरवून घ्यायचंय का? टाईप केलेलं, बोललेलं वगैरे?” यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे ते अजून त्यात होतं, शब्दन् शब्द, हवं तेव्हा पुन्हा ऐकता आलं असतं. मी नको म्हटलं. त्या परक्याच्या तोंडून ते दुसऱ्यांदा ऐकायचं नव्हतं मला. बाईंनी बटण दाबलं.

तुला अपराधी वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होते. पण थोडं वाटू दे. त्यामुळे तुझी पत्रं लांब येतात.

आता ते वाक्य कुठेच नाही. यांच्या घशात नाही, मशीनमध्ये नाही, कागदावर नाही. फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि माझ्या डोक्याचं तुला माहीत आहे, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधते. तेव्हा ओट्याशी उभी राहिले की मी ते एकदा मनात म्हणून घेते, यांच्या आवाजात, घसा होता तेव्हाच्या. आज सकाळी मधला एक शब्द आठवेना. काय करू ते कळेना. शेवटी यांना जाऊन विचारलं. तो त्यांनी त्या डब्यातून घरभर ओरडून सांगितला.

तुझी,
अक्का